स्कूल बसचा डीपीएफ दिवा लागला की तपास कुठून सुरू करायचा

बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी दर्जा) डिझेल बसमध्ये जो भाग तक्रार करतो, तो सहसा आजारी नसतो. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक झालाय असं स्कॅनर सांगतो, पण काजळी डीपीएफ तयार करत नाही, ती इंजिनातून येते. एससीआर, म्हणजे नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) युरियाच्या मदतीने मोडणारा कॅटॅलिस्ट, नीट चालत नाही असा कोड येतो आणि दोष निघतो टाकीतल्या युरियात. नॉक्स सेन्सर आकडा जास्त दाखवतो म्हणून मालक सेन्सरच बदलून मोकळा होतो. आठवड्याभरात नवा सेन्सरही तेच दाखवायला लागतो, कारण आधीचाही खरंच बोलत होता.

शाळेचे ट्रान्सपोर्ट इन्चार्ज, चार-सहा बस चालवणारे मालक आणि त्यांचे मेकॅनिक यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. पार्ट बदलण्याआधी काय, कोणत्या क्रमाने पाहायचं, एवढाच विषय. आकडे मी सर्वसाधारण देतोय. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

स्कूल बसलाच हा त्रास जास्त का

इंदूरचा नेहमीचा रूट घ्या. सकाळी सुदामा नगर, अन्नपूर्णा, लोकमान्य नगर अशा वस्त्यांतून मुलं उचलायची, दर दोन-तीनशे मीटरवर थांबायचं, मग रिंग रोडचे सिग्नल, आणि बायपासला गाडी जरा मोकळी धावते न धावते तोच शाळा येते. मग दुपारपर्यंत बस मैदानात उभी. स्पीड गव्हर्नर ४० किंवा ६० ला बांधलेला. इंजिनाचं पाणी तापतं, पण एक्झॉस्ट तापत नाही, आणि बीएस ६ ची सगळी यंत्रणा एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालते.

डीपीएफमधली काजळी चालता चालता आपोआप जळायची तर धूर साधारण २५० ते ४०० अंशांत बराच वेळ राहावा लागतो. ती मुद्दाम जाळायची तर, म्हणजे रीजनरेशनमध्ये (थोडक्यात रीजन), डीपीएफच्या तोंडाशी ५५० ते ६५० अंश लागतात. युरियाची फवारणीसुद्धा एससीआर साधारण २०० अंशांच्या पुढे गेल्यावरच सुरू होते. आयडलवर उभ्या बसचा धूर यातलं काहीच गाठत नाही. हाच इंजिन-सेट ट्रकमध्ये रोज देवास-भोपाळ करतो आणि वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. त्यामुळे स्कूल बसच्या तपासात रूट हा पहिला संशयित. तो फिर्यादीत कधीच येत नाही, कारण स्कॅनरला रूट दिसत नाही.

धुराचा रस्ता आधी पाठ करा

बीएस ६ देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. तेव्हापासूनच्या मध्यम आणि मोठ्या बसमध्ये मांडणी बहुतेक अशी: इंजिन, टर्बो, मग डीओसी, त्याला चिकटून डीपीएफ, त्यापुढे युरिया फवारणारा डोझर, मग एससीआर, आणि शेवटी उरलेला अमोनिया संपवणारा छोटा कॅटॅलिस्ट. डीओसी न जळलेलं डिझेल जाळून उष्णता देतो, डीपीएफ काजळी अडवतो, एससीआर युरियापासून बनलेल्या अमोनियाच्या मदतीने नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी करतो. बऱ्याच इंजिनांना याशिवाय ईजीआर असतो, तो थोडा धूर परत इंजिनात सोडतो. काही छोट्या गाड्यांत युरियाची टाकी नसते, तिथे एलएनटी नावाचा वेगळा कॅटॅलिस्ट असतो. तुमच्या गाडीत नेमकं काय आहे ते खाली वाकून पाहा, ब्रोशरवर जाऊ नका.

या रस्त्यात तीन-चार तापमान सेन्सर, डीपीएफच्या आधी आणि नंतर नळी लावलेला एक दाबफरक सेन्सर, आणि दोन नॉक्स सेन्सर असतात. एक नॉक्स सेन्सर इंजिनाच्या बाजूला, एक एससीआरनंतर. कागदावर ही साखळी काढून वर्कशॉपच्या भिंतीवर लावा. पुढचा सगळा तपास याच साखळीत इंजिनाकडून टेलपाइपकडे जातो, उलटा नाही.

स्कॅनर लावण्याआधी

ड्रायव्हरला विचारा, पण 'काय झालं' असं नको. त्यावर 'साहब, गाड़ी उठ नहीं रही' एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: दिवा कधी लागला, कोणता, पिवळा की लाल, लुकलुकत होता की स्थिर? युरिया शेवटचा कुठे भरला, कॅनमधून की पंपावरून? रीजनचा दिवा आला तेव्हा काय केलं? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण खाली बघतात. रीजन चालू असताना शाळा आली, गाडी बंद केली; घरी जाताना परत सुरू झालं, परत बंद केलं. असं दहा-बारा वेळा झालं की डीपीएफ भरणारच. ड्रायव्हरवर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो दिवा लागल्याचंही सांगणार नाही.

मग ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर अर्धवट सुटलेल्या रीजनचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरलंय. अशा गाडीला उभ्याने रीजन देऊ नका. आधी ऑइल आणि फिल्टर बदला.

एअर फिल्टरचा इंडिकेटर पाहा. इंटरकूलरच्या पाइपांवर हात फिरवा. जोडाजवळ ताजं ऑइल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथून बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळतोय. टर्बोपासून डीओसीपर्यंतच्या जोडांवर काळे फराटे आहेत का पाहा. तिथे एक्झॉस्ट गळला तर उष्णता आधीच वाया जाते.

आणि टेलपाइपमध्ये बोटाला पांढरं फडकं गुंडाळून आतून पुसा, अर्थात गाडी थंड असताना. धड डीपीएफ असलेल्या बसचा पाइप आतून राखाडी आणि जवळजवळ स्वच्छ असतो. दोन वर्षं चाललेल्या गाडीतही फडकं जेमतेम मळतं. फडकं काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ आतून तडकलाय, किंवा कोणीतरी तो 'मोकळा' करून ठेवलाय. दुसरी शक्यता जुन्या घेतलेल्या बसमध्ये विसरू नका. पाइपच्या तोंडाशी किंवा डोझरच्या खाली पांढरा खडा दिसला तर तो युरियाचा, त्याकडे पुढे येऊ.

पहाटेची तपासणी, सेल्फ मारण्याआधी

स्कूल बसचा एक मोठा फायदा आहे. ती रात्रभर एका जागी उभी असते आणि पहाटे पूर्ण थंड असते. ही वेळ फुकट घालवू नका. साडेपाचला ड्रायव्हर येण्याआधी स्कॅनर लावा, इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि लाइव्ह डेटा उघडा.

सगळी तापमानं पाहा: कूलंट, इनटेक हवा, डीओसीच्या आधीचं, डीपीएफच्या आधीचं, एससीआरच्या आधीचं. गाडी रात्रभर उभी होती, तर सगळ्यांनी जवळपास एकच आकडा दाखवायला हवा, पाच-सात अंश इकडेतिकडे. समजा जानेवारीतली सकाळ आहे, चार सेन्सर १२ ते १५ दाखवतात आणि एससीआरच्या आधीचा ४६. तर तो सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. गाडी गरम झाल्यावर हा फरक शेकडो अंशांच्या गर्दीत लपतो आणि मग तुम्ही कॅटॅलिस्टवर संशय घेत बसता.

दुसरं, डीपीएफचा दाबफरक. इंजिन बंद म्हणजे धूर नाही, म्हणजे फरक शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ. इंजिन बंद असताना सेन्सर एक-दीड किलोपास्कल दाखवत असेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, डीपीएफ कायम भरलेलाच वाटणार. आता सेन्सरच्या दोन्ही नळ्या काढून पुन्हा वाचा. आकडा शून्यावर आला तर नळीत पाणी किंवा काजळी अडकलीय. नाही आला तर सेन्सर गेला. नळ्या परत लावताना अदलाबदल करू नका, नाहीतर इंजिन चालू झाल्यावर आकडा उणे येईल. नळी हातात आली आहे तर ती कुठे वितळलीय, कुठे भेगाळलीय तेही पाहून घ्या. डीपीएफच्या आधीची नळी फाटली की दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि डीपीएफ गच्च भरला तरी दिवा लागत नाही. हा प्रकार चोक दाखवणाऱ्या सेन्सरपेक्षा वाईट.

तिसरं, बूस्ट सेन्सर आणि हवेच्या दाबाचा सेन्सर. इंजिन बंद असताना दोघांनी सारखंच सांगायला हवं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणून इथे तो आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास येतो. पुस्तकातला १०१ इथे शोधू नका, तो मुंबईचा. दोन सेन्सरांत चार-पाच किलोपास्कलचा फरक असेल तर इंजिनाला हवेचा अंदाज चुकतोय आणि काजळी तिथूनच वाढतेय.

या तीन गोष्टींना दहा मिनिटं पुरतात. मला विचाराल तर महागड्या स्कॅनरपेक्षा ही दहा मिनिटं जास्त पैसे वाचवतात.

कोड वाचताना

कोड पाहिल्या पाहिल्या उडवू नका. आधी सगळे लिहून घ्या किंवा फोटो काढा, आणि फ्रीझ फ्रेम उघडा: कोड आला तेव्हा वेग, आरपीएम, कूलंट, एक्झॉस्टचं तापमान किती होतं. कोड एकदा उडवला की ही माहिती गेली.

मोठ्या गाड्यांत कोड एसपीएन आणि एफएमआय अशा जोडीने येतो. एसपीएन कशाबद्दल बोलतोय ते सांगतो आणि एफएमआय काय झालं ते. ३२५१ म्हणजे डीपीएफचा दाबफरक, ३२१६ आत येणारा नॉक्स, ३२२६ बाहेर पडणारा नॉक्स, ४३६४ एससीआरची कार्यक्षमता, ४३३४ युरियाचा दाब, ३३६४ युरियाची गुणवत्ता. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे बहुतेक वायर तुटलेली, १८ म्हणजे आकडा खरा आहे पण हवा त्यापेक्षा कमी. छोट्या गाड्यांत पी पासून सुरू होणारे कोड दिसतील: पी२४६३ काजळी साठल्याचा, पी२०ईई एससीआर कमी पडत असल्याचा, पी२०७एफ युरियाच्या गुणवत्तेचा.

एकाच गाडीत पाच कोड आले तर क्रम असा धरा. आधी ३, ४, ५ असे विजेचे. ते मिटल्याशिवाय बाकीच्यांवर विश्वास ठेवता येत नाही. मग दाब आणि तापमानाचे. 'कार्यक्षमता कमी' सांगणारे सगळ्यात शेवटी, कारण ते परिणाम असतात. पुष्कळदा पहिले दोन मिटले की शेवटचा एका फेरीत आपोआप जातो.

काजळीचा कोड असेल तर

पहिला प्रश्न: काजळी जास्त तयार होतेय, की तयार होते तेवढी जळत नाहीये? दोन्हींचे उपाय वेगळे.

जास्त तयार होत असेल तर इंजिनाकडे चला. एअर फिल्टर, बूस्टची गळती, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टपकणारा इंजेक्टर, ऑइल गळणारा टर्बो. बूस्ट गळतीसाठी इनटेकमध्ये कमी दाबाची हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात. ईजीआर व्हॉल्व्हला स्कॅनरवरून उघड-बंद करायची आज्ञा द्या आणि आज्ञा व प्रत्यक्ष स्थिती यांतला फरक पाहा. बंद सांगूनही तो पंधरा-वीस टक्के उघडा राहत असेल तर डीपीएफ कितीही वेळा साफ करा, महिन्यात परत भरेल.

जळत नसेल तर आधी थर्मोस्टॅट. हा पार्ट स्वस्त आहे, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. कूलंट चालत्या गाडीत साधारण ८० अंशांच्या वर स्थिरावायला हवं. बायपासवर अर्धा तास चालूनही ते ६०-६५ वरच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, ईसीयू इंजिनाला थंड समजतं आणि रीजनची परवानगीच देत नाही. इंदुरात मे महिन्यात गाडी कधी गरम होत नाही म्हणून खूश होणारे मालक मी पाहिलेत.

आता रीजन देऊन पाहा, पण पुतळ्यासारखं उभं राहून नव्हे, आकडे पाहत. इथे बस रिकामी हवी, एकही मूल आत किंवा आसपास नको. उघडी जागा, खाली वाळलेलं गवत किंवा पालापाचोळा नको, टेलपाइप भिंत, पत्र्याची शेड, दुसरी गाडी यांपासून दूर. हँडब्रेक, न्यूट्रल, टायरला लाकूड. मागून निघणारा धूर हात भाजण्याइतका गरम असतो. शाळेच्या मैदानात सुट्टीच्या वेळेत हे काम कधीच करू नका.

रीजन सुरू झाल्यावर डीओसीच्या आधीचं तापमान २५०-३०० पर्यंत चढलं पाहिजे. मग जादा डिझेल मिळालं की डीओसीच्या नंतरचं तापमान त्याला मागे टाकून ५५० च्या पुढे जातं. हा उलटफेर नीट पाहा.

आधीचं तापमान चढलं, पण नंतरचं त्याच्यापुढे गेलंच नाही, आणि मागून पांढरा, डोळे झोंबणारा धूर आला, तर डिझेल डीओसीत न जळता बाहेर जातंय. डीओसीचं तोंड काजळीने बुजलंय किंवा तो निकामी झालाय. रीजन थांबवा. आधीचंच तापमान चढत नसेल तर दोष डीओसीच्या आधी, इंजिनाकडे: बूस्ट, थ्रॉटल व्हॉल्व्ह, इंजेक्टर. आणि सगळं नीट चढलं, वीस ते चाळीस मिनिटांत रीजन पूर्ण झालं, काजळीचा आकडा उतरला, तरी चढ्या आरपीएमवर दाबफरक पूर्वीसारखाच जास्त राहिला, तर आत काजळी नाही, राख आहे.

राख जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या घटकांपासून येते, म्हणून बीएस ६ गाडीत कमी राखेचं ऑइलच लागतं, एपीआय सीके-४ किंवा कंपनी सांगेल त्या दर्जाचं. जुन्या बसचं ऑइल उरलंय म्हणून याच्यात ओतणं फार महाग पडतं. राखेसाठी डीपीएफ उतरवून भट्टी आणि हवेच्या मशीनवर साफ करून घ्यावा लागतो. कार वॉशच्या प्रेशरने किंवा ॲसिडने धुऊ नका. आतल्या सिरॅमिकच्या भिंती फुटतात आणि डीओसीवरचा लेप जातो. साफ झाल्यावर ईसीयूमधला राखेचा हिशेब स्कॅनरने शून्य करा. साफ न करताच तो शून्य करणारेही आहेत. दिवा जातो, डीपीएफ वितळतो.

युरियाची बाजू

टाकीतल्या युरियाचं नाव डीईएफ. तो म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजविरहित पाणी. आयएसओ २२२४१ हा त्याचा दर्जा. तपासायला छोटा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, शाळेच्या ताफ्यासाठी तो घ्याच. टाकीतून थेंब काढा, आकडा ३१.८ ते ३३.२ मध्ये यायला हवा. कमी आला तर कोणीतरी पाणी घातलंय.

पण रिफ्रॅक्टोमीटर फक्त युरिया किती ते सांगतो, कोणता ते नाही. शेतीचा युरिया नर्मदेच्या किंवा बोअरच्या पाण्यात कालवला तरी आकडा ३२.५ आणता येतो. शेतीच्या युरियावर आपल्याकडे कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो, पाण्यात कॅल्शियम असतं, आणि हे दोन्ही डोझर आणि एससीआरला कायमचं खराब करतं. बादली स्वस्त कशी, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा नसतो, स्वतःला विचारायचा असतो. काचेच्या स्वच्छ ग्लासात थोडं काढून उजेडात धरा: रंगहीन हवं, वर तेलाचा तवंग नको, खाली गाळ नको.

टाकीत चुकून डिझेल पडलं असेल तर इग्निशनसुद्धा चालू करू नका. पंपाची रबरं फुगतात. उलट, युरिया डिझेलच्या टाकीत गेला तर इंजिन सुरू न करता गाडी ओढून न्या.

उष्णता हा इंदूरचा स्वतःचा मुद्दा. डीईएफ २५ अंशांच्या आत साधारण दीड वर्ष टिकतो, ३५ अंशांवर सहा महिने, त्यापुढे भरवसा नाही. पत्र्याच्या खोलीत मे महिनाभर ठेवलेला कॅन जूनमध्ये तपासल्याशिवाय ओतू नका. टाकीवर एप्रिलमध्ये हात ठेवून पाहा. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतो म्हणून टाकीत इंजिनाचं गरम पाणी फिरवायची सोय असते. इंदूरच्या थंडीतही तिची जवळपास गरज पडत नाही. तरी टाकी हात न ठेववण्याइतकी गरम लागली तर ते पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय आणि तुमचा युरिया रोज शिजतोय.

गुणवत्ता ठीक निघाली तर प्रमाण पाहा. यासाठी डायरी पुरते. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते सहा लिटर युरिया जायला हवा, इंजिनाप्रमाणे कमी-जास्त. महिनाभरात चारशे लिटर डिझेल आणि युरिया फक्त दोन लिटर, तर डोझर बुजलाय किंवा पंप दाब देत नाही. डोझर उतरवून तो मोजपट्टीच्या भांड्यात धरा, स्कॅनरवरून डोझिंग टेस्ट चालवा, जमलेलं मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून पाहा. फवारा बारीक हवा, धार किंवा थेंब नकोत. पांढरे खडे कोमट पाण्यात विरघळतात. तारेने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. डोझरच्या तोंडाशी हलकी पांढरी कड चालते. पाइपच्या आतल्या भिंतीवर बोटभर जाड थर चालत नाही.

हे खडे स्कूल बसमध्ये वारंवार होण्यामागे एक साधी सवय असते. गाडी बंद केल्यावर पंप मिनिट-दोन मिनिटं चालू राहतो आणि नळीतला युरिया टाकीत परत ओढतो. ड्रायव्हर काय करतो? चावी फिरवली, उतरला, आणि लगेच बॅटरी कटऑफ खाली. युरिया नळीतच राहतो, दुपारच्या उन्हात वाळतो. कटऑफच्या शेजारी चिकटपट्टीवर लिहून लावा: चावी बंद केल्यावर दोन मिनिटं थांबा. हिंदीतही लिहा.

आता नॉक्स सेन्सर. गाडी नीट गरम झाल्यावरच ते बोलायला लागतात, थंड गाडीत आकडा आला नाही म्हणून घाबरू नका. एससीआर गरम, डोझिंग चालू, अशा वेळी आत ६०० पीपीएम आणि बाहेर ६०, म्हणजे नव्वद टक्के काम होतंय, उत्तम. दोन्ही सेन्सर सारखंच दाखवत असतील तर आधी डोझिंग चालू आहे का ते पाहा, मग एससीआरला दोष द्या. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला आणि डिझेल तुटलं की दोन्हींचे आकडे शून्याकडे पडायला हवेत. जो पडत नाही तो संशयित.

एक गोम आहे. बाहेरच्या नॉक्स सेन्सरला अमोनियाही नॉक्ससारखाच वाटतो. डोझर गळून जास्त युरिया पडत असेल तर अमोनिया मागून निसटतो आणि सेन्सर नॉक्स वाढल्याचं सांगतो. मग ईसीयू किंवा मेकॅनिक आणखी युरिया द्यायच्या मागे लागतो. स्कॅनरने डोझिंग थोडा वेळ बंद करा. बाहेरचा आकडा आधी खाली गेला आणि मग चढला, तर दोष जास्त युरियाचा.

वायरिंग

यावर फार लिहायला नको. युरिया तांब्याला खातो आणि वायरच्या आतून चढत जातो, म्हणून टाकी आणि पंपाजवळचे कपलर उघडून हिरवट-पांढरी भुकटी पाहा. बॅटरी वेगळी करून सीएएन (सेन्सर आणि ईसीयू यांना जोडणारी डेटा लाइन) च्या दोन तारांमध्ये ६० ओहम मिळायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर सुटलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एकाच वेळी चार सेन्सरांचे कोड आले तर सेन्सर मागवू नका. टॉर्च घेऊन खाली झोपा, उंदरांनी वायर कुरतडलेली सापडेल.

'डब्बा' लावून देतो म्हणणारे

बाजारात युरियाचा इम्युलेटर, म्हणजे एससीआर नीट चालतोय असं ईसीयूला खोटं सांगणारा डब्बा, बसवून देणारे भेटतात. दिवा जातो, युरियाचा खर्च जातो, ताकद परत येते. तो लावू नका. मोटार वाहन कायद्यात मालकाने असा बदल केल्यास कलम १८२ए खाली शिक्षा आहे, पण माझा मुख्य आक्षेप वेगळा. हा नॉक्स ज्या बसच्या मागे सोडला जातो, तिच्या मागच्या दारातून सात वर्षांची मुलं उतरत असतात. पीयूसीत पास होतो म्हणून समाधान मानू नका. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स नाही.

दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं तेही ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. युरिया संपला किंवा खराब निघाला की ईसीयू आधी ताकद कमी करतं, आणि शेवटी गाडी ताशी २० किलोमीटरच्या आसपास रांगायला लागते. हे बंगाली चौराह्यावर, भरल्या बसमध्ये होऊ नये. लाल दिवा स्थिर असेल तर ती बस सकाळी मुलांना घ्यायला निघणार नाही, हा नियम इन्चार्जनेच करायचा.

काम झाल्यावर

कोड उडवून गाडी रूटवर सोडली म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. एससीआरचे काही कोड ठराविक तापमानात ठराविक वेळ गाडी चालल्यावरच तपासले जातात. रिकामी बस बायपासवर किंवा पीथमपूरच्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवा, गव्हर्नरच्या मर्यादेत, पण एक गिअर खाली ठेवून, म्हणजे आरपीएम चढे राहतील. आयशर आणि फोर्सचे कारखाने पीथमपुरातच आहेत, त्यामुळे कंपनीचं टूल लागलंच तर आपल्याकडे ते फार लांब नाही. लाइव्ह डेटात मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या, पूर्ण झालेत का पाहा आणि पेंडिंग कोड पुन्हा वाचा.

मग रूट. ताफ्यातली जी बस सगळ्यात छोट्या, थांबत जाणाऱ्या फेरीवर आहे, तिला आठवड्यातून एखादा दिवस महू किंवा राऊकडच्या लांब फेरीवर टाका. मैदानात एसीसाठी किंवा गाण्यांसाठी इंजिन चालू ठेवणं बंद करा. रीजनचा दिवा आला आणि गाडी रिकामी असेल तर ड्रायव्हरने वीस मिनिटं जास्त चालवून मग उभी करावी. त्या डिझेलचे पैसे त्याच्या ॲव्हरेजमधून कापू नका. कापले तर तो दर वेळी रीजन तोडणार.

प्रत्येक बससाठी वहीत चार रकाने करा: पहाटेचा इंजिन-बंद दाबफरक, गरम इंजिनावर ठरलेल्या आरपीएमला दाबफरक, महिन्याचं डिझेल, महिन्याचा युरिया. दुसरा आकडा तीन महिने हळूहळू चढत असेल तर डीपीएफ भरतोय. दिवा लागायच्या आधीच, दिवाळीच्या सुट्टीत, गाडी साफसफाईला काढता येते.